खाट रिकामी दिसली म्हणजे तयार झाली का? वॉर्डातल्या खाटा आणि रुग्णसुरक्षा

अबोली

शंभर ते तीनशे खाटांच्या बऱ्याच रुग्णालयांत खाटांचा हिशेब तीन ठिकाणी चालतो: इनचार्ज सिस्टरचं रजिस्टर, अ‍ॅडमिशन काउंटरचा संगणक आणि नर्सिंग स्टेशनमागचा पांढरा फळा. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे राउंड संपून डिस्चार्ज लिहिले जातात तेव्हा, हे तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. आणि नेमका तेव्हाच कॅज्युअल्टीतून फोन येतो, 'खाट आहे का?'

फळ्यावर दोनच नोंदी असतात, भरलेली आणि रिकामी. प्रत्यक्षात निदान पाच लागतात: रुग्ण खाटेवर आहे, डिस्चार्ज लिहिला आहे पण रुग्ण अजून गेलेला नाही, रुग्ण गेला पण सफाई बाकी, तयार, आणि बंद. बंद म्हणजे चाकाचा ब्रेक लागत नाही, ऑक्सिजनचा पॉइंट गळतो, किंवा शेजारी असा रुग्ण आहे की जवळ दुसरा ठेवता येत नाही. बहुतेक गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत होतो. जुना रुग्ण बिलाची वाट बघत खाटेवर बसलेला असतो आणि नवा ट्रॉलीवर कॉरिडॉरमध्ये पोचलेला असतो. कॉरिडॉरमध्ये ऑक्सिजन नाही, सक्शन नाही, बेल नाही, आणि तो कोणत्या सिस्टरचा रुग्ण हेही ठरलेलं नाही.

माझं मत असं की खाटांचं व्यवस्थापन हे काउंटरचं काम समजलं जातं, पण ते रुग्णसुरक्षेचं काम आहे. इथे जाणकार बरेच आहेत. खाट तयार करणं, रुग्ण हलवणं, ओळख, पडणं, डिस्चार्ज, ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा. क्रम, प्रमाण, काय बिघडतं आणि का, एवढं आलं तर वॉर्डात उपयोगी पडेल.

रात्रपाळी

सुरुवात ओळखीपासून करते, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तीच आहे. 'चौदा नंबरचं इंजेक्शन झालं का?' हे वाक्य प्रत्येक वॉर्डात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. खाट क्रमांक हा पत्ता आहे, तो रुग्णाची ओळख म्हणून कुठेही चालत नाही. ओळखीसाठी दोन गोष्टी लागतात: पूर्ण नाव आणि आयपीडी (या भरतीचा) किंवा यूएचआयडी (रुग्णालयातला कायमचा) क्रमांक. जिथे जन्मतारीख खात्रीची असते तिथे तीही चालते.

आता १४ वरचा रुग्ण ९ वर हलवला की मागे काय राहतं ते बघा. औषधांच्या ट्रॉलीतला १४ चा कप्पा. सलाइनच्या बाटलीवर मार्करने लिहिलेला १४. किचनकडे गेलेली डाएटची चिठ्ठी. एक्स-रेची पाठवलेली मागणी. सकाळी काढलेल्या रक्ताचा अजून न आलेला रिपोर्ट. आणि दुपारपर्यंत १४ वर नवा माणूस आलेला असतो. लॅबचा फोन येतो, '१४ चं पोटॅशियम ६.८ आहे', आणि उपचार चुकीच्या माणसावर सुरू होऊ शकतात. डाएटचंही तसंच. उद्या ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलेल्या रुग्णापुढे चहा-बिस्किट येतं, कारण चिठ्ठी आधीच्या रुग्णाची होती.

खाट बदलताना हा क्रम ठेवावा. आधी मनगटपट्टी वाचायची आणि रुग्णाला विचारायचं 'तुमचं पूर्ण नाव सांगा'. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारायचं नाही. तापात, गुंगीत किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. मग केसपेपर, औषधांचा ट्रे, एक्स-रे आणि सोबतच्या फाइल्स रुग्णाबरोबरच हलवायच्या, नंतर कुणीतरी आणून देईल असं ठेवायचं नाही. रुग्ण नव्या खाटेवर आला की संगणकात बदल करायचा, तो रुग्ण तिथे पोचण्याआधी करायचा नाही. शेवटी चार फोन: लॅब, किचन, फार्मसी आणि रुग्ण कुठे गेला म्हणून शोधणारे नातेवाईक. चारही झाले की रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही.

औषधांच्या कप्प्यावर नाव आणि आयपीडी क्रमांकाचं काढता येणारं लेबल लावा, खाट क्रमांक छापलेले कायमचे कप्पे काढून टाका. एवढ्या एका बदलाने निम्मा धोका जातो असं माझं ठाम मत आहे.

कृष्णाकाठ

रात्रपाळी ताई, पटलं. पण सरकारी मेडिसिन वॉर्डात ४० खाटा आणि ६० रुग्ण असतात. पावसाळ्यात डेंगी-लेप्टो सुरू झालं की जमिनीवरच्या गाद्याही भरतात. मनगटपट्टीचा साठा संपलेला असतो. क्रमांकाशिवाय रुग्ण शोधायचा तरी कसा?

रात्रपाळी

शोधायला क्रमांक हवाच, त्याला हरकत नाही. शोधल्यावर सुई टोचण्याआधी नाव आणि आयपीडी क्रमांक ताडून बघायचा, एवढंच.

पट्टी नसेल तर हाताला चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने नाव आणि आयपीडी क्रमांक लिहा. मार्करची शाई ओल्या हातावर पसरते. सलाइन लावलेल्या हाताला पट्टी नको. हात सुजला की ती कापली जाते आणि नवी लावायची राहून जाते. कापणाऱ्यानेच तिथल्या तिथे दुसऱ्या हाताला लावायची, असा नियम करा.

जमिनीवरच्या गाद्यांना स्वतंत्र क्रमांक द्या: फ-१, फ-२ असे, आणि ते भिंतीवर रंगवून घ्या. '१२ च्या खाली', '१२ आणि १३ च्या मधला' असं तोंडी चालतं तिथे दोन रुग्ण एकाच क्रमांकाखाली येतात. खाली कुणाला ठेवायचं नाही याची यादी इनचार्जकडे लिखित हवी: ऑक्सिजनवरचा, झटके येणारा, शुद्ध हरपत चाललेला, ऑपरेशन झाल्याला चोवीस तास न झालेला, सक्शन लागणारा, आणि उठताना चक्कर येणारा म्हातारा माणूस. यापैकी कुणी नव्याने आला तर वरच्या खाटेवरचा जरा बरा रुग्ण खाली जातो. हा निर्णय रात्री एकट्या सिस्टरवर टाकू नये, ड्यूटीवरच्या डॉक्टरने केसपेपरवर लिहून द्यावा.

सोनचाफा

आणि एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असतात तेव्हा?

रात्रपाळी

दोघींच्या केसपेपरवर आणि खाटेवर 'नावसाधर्म्य' असा ठळक रंगाचा कागद. शक्य असेल तर दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत. आणि तिहेरी नाव वापरायचंच: सुनीता दिलीप आणि सुनीता रमेश. एक अडचण आपल्याकडची खास आहे. आधारवर माहेरचं नाव, योजनेच्या कार्डावर सासरचं, आणि नातेवाईक तिसरंच हाक मारायचं नाव सांगतात. भरतीच्या वेळी जे ओळखपत्र जोडलं त्यावरचंच नाव सगळीकडे चालवा. रक्त चढवायचं असेल तर क्रॉसमॅचच्या (रक्त जुळतं का त्या तपासणीच्या) नळीवर लेबल खाटेजवळच, रक्त काढल्या काढल्या लावा. पाच नळ्या स्टेशनवर आणून मग लेबल लावत बसणं म्हणजे चुकीच्या गटाच्या रक्ताला आमंत्रण.

लिस्टर

मी 'सफाई बाकी' ते 'तयार' या टप्प्याबद्दल लिहितो. घाईत चादर बदलली की खाट तयार समजतात. चादर हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

क्रम: हातमोजे घालून कपडे गुंडाळून थेट पिशवीत, झटकायचे नाहीत, जमिनीवर टाकायचे नाहीत. मग साबणाच्या पाण्याने पुसणं. नंतर जंतुनाशक द्रावण. हे दोन टप्पे वेगळे ठेवावेच लागतात, कारण रक्त, पू, घाम यांत क्लोरीन वाया जातं आणि मळ असलेल्या पृष्ठभागावर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) टाकून जंतू मरत नाहीत. पुसायचं वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून मळलेल्या भागाकडे. एका खाटेचं फडकं दुसऱ्या खाटेला नाही.

हायपोचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका. बाटलीवरची टक्केवारी भागिले हवी ती टक्केवारी, वजा एक, इतके भाग पाणी. ५ टक्क्यांच्या बाटलीतून ०.१ टक्का करायचं तर १ भाग हायपोला ४९ भाग पाणी, म्हणजे १० लिटर द्रावणात २०० मिली हायपो. रक्त सांडलं असेल तर १ टक्का: २०० मिली हायपो, ८०० मिली पाणी, आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. धातूच्या भागावरून नंतर साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर वर्षभरात गंज धरतो. द्रावण रोज ताजं. कालचं आज कमजोर असतं, आणि बाटली उन्हात किंवा उघडी राहिली तर मूळ द्रव्यही उतरतं. टॉयलेट क्लीनरच्या आम्लात हायपो कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. लघवी बरीच सांडली असेल तर आधी ती कागदाने टिपा आणि मगच हायपो, नाहीतर डोळे आणि घसा झोंबवणारा वायू तिथेही होतो.

जे हमखास पुसायचं राहतं: कठड्याचा आतला भाग, खाट वरखाली करायची मूठ, बेलची वायर, लॉकरचं हँडल, सलाइन स्टँडची फिरकी, फ्लोमीटरची खुंटी, पडद्याची कड. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरची बाटली बदला. आधीच्या रुग्णाचं पाणी तसंच ठेवून वर भर घालू नका आणि नळाचं पाणी तर नकोच. सक्शनची बरणी रिकामी आणि कोरडी.

गादी हा विषय वेगळा. रेक्झिनला बारीक चीर असली तरी लघवी, रक्त फोममध्ये उतरतं आणि वरून कितीही पुसा, उपयोग नाही. तपासायला सोपं आहे: चेन उघडून कव्हरच्या आत कागदी रुमाल ठेवा, वरून थोडं पाणी टाका, मुठीने दाबून चोळा. रुमाल ओला झाला तर कव्हर बाद. फोमवर डाग असेल तर गादीही बाद.

हे सगळं नीट करायचं तर अर्धा-पाऊण तास लागतो. काउंटरने दहा मिनिटांत खाट मागितली तर मिळणारी खाट तयार नसते.

टीबी किंवा गोवरचा रुग्ण खोलीतून गेला की हवा बदलायलाही वेळ द्यावा लागतो. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९.९ टक्के कण जायला सुमारे ३५ मिनिटं, ६ वेळा बदलत असेल तर ६९ मिनिटं. तोवर दार बंद, आणि आत जाणाऱ्याला एन-९५.

बायोमेड

लिस्टर यांची सफाई झाली की खाटेची यांत्रिक तपासणी. दोन मिनिटांचं काम आहे, पण करणारा ठरलेला नसेल तर कुणीच करत नाही.

चारही ब्रेक लावून खाट कमरेने ढकला. एखादं चाक सुटं असेल तर खाट त्या चाकाभोवती फिरते, आणि रुग्ण कडेला बसून उठायला जातो तेव्हाच ती सरकते. ब्रेक न लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चाकात अडकलेले केस, धागे आणि सुकलेला मळ. चिमट्याने काढा, तेल ओतू नका. तेलावर धूळ बसते आणि ब्रेकची पकड जाते. हाताने फिरवायच्या खाटेची मूठ वापर झाला की आत दुमडा. बाहेर राहिलेल्या मुठीवर अंधारात नडगी आपटते आणि माणूस तोंडावर पडतो.

कठड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे माणसं अडकून दगावलेली आहेत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २००६ साली अडकण्याच्या सात जागा आखून दिल्या. कठड्याच्या दांड्यांमधली फट, कठडा आणि गादी यांतली फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे डोकं आत जाणार नाही. कठड्याच्या टोकाशी, खालच्या बाजूला गादीजवळ, मान अडकते म्हणून तिथे ६० मिलिमीटरपेक्षा कमी. हे आकडे गादी दाबलेली असताना मोजायचे असतात. खाट एका कंपनीची आणि गादी बाजारातून शिवून आणलेली असेल तर गादी अरुंद निघते आणि एका बाजूला सरकली की दुसऱ्या बाजूला फट पडते. उलट जाड फोम घातला किंवा वर एअर बेड टाकला तर कठडा ठेंगणा होतो. न दाबलेल्या गादीच्या वर कठडा निदान २२० मिलिमीटर राहायला हवा. पट्टी घेऊन मोजा.

एअर बेडचा पंप वजनाप्रमाणे लावायचा असतो. एकाच खुणेवर सगळ्यांना ठेवलं तर जड रुग्ण खालच्या पत्र्याला टेकतो. रुग्णाच्या माकडहाडाखाली, एअर बेडच्या खाली हात घालून बघा: निदान इंचभर हवा लागली पाहिजे. आणि छाती दाबायची वेळ आली तर आधी हवा सोडायची झडप ओढा. ती कुठे आहे हे त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला डोळे मिटून सापडायला हवं.

अबोली

चारही कठडे वर केले की रुग्ण सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. फिजिओच्या अनुभवाने काय सांगाल?

गतिमान_फिजिओ

शुद्धीत असलेल्या, पण गोंधळलेल्या माणसाला चारही कठडे लावले तर तो कठड्यावरून चढून उतरतो, आणि तेवढ्या जास्त उंचीवरून पडतो. अशा रुग्णासाठी खाट सगळ्यात खाली, डोक्याकडचे दोन कठडे वर, ज्या बाजूने तो उतरतो ती बाजू मोकळी आणि उजेडात. कठडे चारही वर लागतात ते ट्रॉलीवरून नेताना आणि भूल उतरत असताना.

माणसं पडतात ती मोठ्या प्रमाणात लघवी-संडासला जाताना. त्यामुळे पडणं रोखण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्री झोपण्याआधी आणि पहाटे प्रत्येक धोक्याच्या रुग्णाला स्वतःहून विचारणं, 'बाथरूमला जायचंय का?' युरिनल हाताशी. लघवी वाढवणारी गोळी शक्यतो संध्याकाळी चारच्या आत. डॉक्टरांनी रात्रीची लिहिली असेल तर विचारा. खाट देताना असा रुग्ण स्टेशनसमोर आणि बाथरूमजवळ. रिकामी आहे म्हणून शेवटची, खिडकीजवळची खाट त्याला देऊ नका.

पडण्याचा धोका मोजणाऱ्या मॉर्स गुणांबद्दल सावध करतो. आधी पडल्याचा इतिहास २५, दुसरा आजार १५, सलाइन किंवा सुई २०, चाल अशक्त १० किंवा बिघडलेली २०, आधाराची काठी १५, फर्निचर धरून चालणं ३०, स्वतःच्या क्षमतेचं भान नसणं १५. ४५ किंवा जास्त झाले की बहुतेक ठिकाणी 'जास्त धोका' धरतात. आता हिशेब करा: मधुमेह असलेला न्यूमोनियाचा रुग्ण, सलाइन लावलेलं, जरा अशक्त चाल. १५, २० आणि १०, झाले ४५. म्हणजे मेडिसिन वॉर्डातला अर्ध्याहून अधिक रुग्ण पिवळ्या पट्टीचा होतो, आणि सगळेच पिवळे असले की कुणाकडेच लक्ष जात नाही. म्हणून गुण लिहा, पण राउंडला त्यातले सगळ्यात धोक्याचे तीन-चार नावानिशी ठरवा आणि हँडओव्हरमध्ये सांगा.

रुग्ण खाटेवरून खाटेवर घेताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खांदा निखळतो आणि माकडहाडाची कातडी घासते. दोन्ही खाटा एका उंचीला, ब्रेक लावलेले, मध्ये सरकपट्टी किंवा निदान गुळगुळीत प्लास्टिक, ड्रॉ शीट (रुग्णाखालची आडवी चादर) धरून दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, आणि डोक्याजवळचा माणूस आकडे मोजणार. मणक्याची शंका असेल तर डोकं धरणारा एक आणि अंग वळवणारे तीन, यापेक्षा कमी माणसांत वळवायचं नाही.

नळ्या हलवण्याआधी मोजा. लघवीची पिशवी पोटावर ठेवू नका, मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी जाते. छातीतल्या नळीची बाटली छातीच्या पातळीखालीच ठेवा आणि नेताना नळीला चिमटा लावू नका. फुप्फुसातून हवा गळत असेल तर चिमटा लावल्यावर ती छातीतच साठते आणि रुग्ण लिफ्टमध्ये कोसळतो. बाटली आडवी झाली तर पाण्याचं सील तुटतं, म्हणून ती धरायला एक माणूस वेगळा.

कृष्णाकाठ

बायोमेड, सीटीला नेताना छोटा सिलिंडर किती वेळ पुरतो? वॉर्डात दर वेळी अंदाजच चालतो.

बायोमेड

आपल्याकडचा बी-टाइप सिलिंडर १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो. पूर्ण भरलेला सुमारे १५० बार, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. घड्याळावर जो आकडा असेल त्याला १० ने गुणा, तेवढे लिटर शिल्लक. ५० दाखवत असेल तर ५०० लिटर.

गरज काढायची ती अशी: मिनिटाचे लिटर गुणिले मिनिटं गुणिले दोन. दुप्पट कशासाठी, तर लिफ्ट अडकते, सीटीच्या दारात आधीचा रुग्ण असतो, आणि परत येताना रुग्णाला जास्त लागू शकतो. १० लिटरवरचा रुग्ण, जाऊन-येऊन ४० मिनिटं: १०, ४० आणि २ यांचा गुणाकार ८००. घड्याळ ८० च्या खाली असेल तर तो सिलिंडर बदला. १५ लिटरच्या मास्कवर भरलेला सिलिंडरही १०० मिनिटांत संपतो. ६० लिटरच्या हाय-फ्लोवर शुद्ध ऑक्सिजन चालू असेल तर २५ मिनिटांत. असा रुग्ण बी-टाइपवर लांब नेऊच नये.

सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधलेली हवी. झडप सावकाश उघडा. हाताला व्हॅसलिन किंवा तेल असताना रेग्युलेटरला हात लावू नका. आणि रुग्ण परत वॉर्डात आला की भिंतीवरच्या पॉइंटला नळी जोडल्यावर फुगा किंवा गोळी वर आली का ते डोळ्यांनी बघा. नळी सिलिंडरलाच राहिली आणि सिलिंडर संपला, हा प्रकार मॉनिटर नसलेल्या वॉर्डात कुणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेबनीस

आकड्यांची बाजू मांडतो. खाटांची भरती टक्क्यांत काढतात: महिन्यातले एकूण रुग्णदिवस (रोजच्या रुग्णसंख्येची बेरीज) भागिले (खाटा गुणिले दिवस), आणि त्याला गुणिले १००. हे रुग्णदिवस बहुतेक ठिकाणी रात्री बाराच्या मोजणीवरून येतात. त्यामुळे दुपारी बारा ते चार या वेळात, जेव्हा जुना रुग्ण गेलेला नसतो आणि नवा आलेला असतो, तेव्हा वॉर्ड शंभराच्या वर असतो आणि अहवालात ८२ टक्के दिसतो. मोजणी निदान दुपारी एकलाही करा.

८५ टक्क्यांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या सिम्युलेशनवरून पसरला: तातडीच्या भरतीत ८५ च्या वर धोका जाणवू लागतो आणि ९० च्या वर खाटांची टंचाई नेहमीची होते. पण तो सरसकट लावू नये. डेन्मार्कचे एर्लांग यांनी टेलिफोनच्या लाइन किती लागतील यासाठी १९१७ साली सूत्र दिलं, तेच खाटांना लागू पडतं. सरासरी ८ रुग्णांची मागणी असलेल्या १० खाटांच्या आयसीयूत शंभरातल्या बारा रुग्णांना आयसीयू भरलेलं सापडतं. सरासरी ८० ची मागणी आणि १०० खाटा, प्रमाण तेच, तर शंभरात एकालाही नाही. म्हणजे छोटा विभाग जास्त मोकळा ठेवावा लागतो. दहा खाटांच्या आयसीयूला ९० टक्के भरलं म्हणून शाबासकी देणारं व्यवस्थापन पुढच्या हार्ट अटॅकला दार बंद करत असतं. त्याच कारणाने दहा-दहा खाटांचे पुरुष सर्जरी, स्त्री सर्जरी, ऑर्थो असे तुकडे पाडले की एकूण खाटा असूनही रुग्ण अडतात.

डिस्चार्जबाबत पाच वेळा लिहून ठेवा: डॉक्टरने लिहिलं, डिस्चार्ज कार्ड तयार, फार्मसीची परत आलेली औषधं जमा, बिल अंतिम, रुग्ण खाटेवरून उठला. महिनाभर लिहिलं की उशीर कुठे होतो ते दिसतं. विम्याच्या रुग्णांना टीपीएची (विमा कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या संस्थेची) मंजुरी हे ठरलेलं उत्तर असतं, पण विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी देणं विमा कंपनीला बंधनकारक केलं आहे आणि उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा आहे. हे तीन तास सुरू होतात तुम्ही कागद पाठवल्यापासून. कागद दुपारी दोनला गेले तर पाच वाजणारच. उपाय आदल्या संध्याकाळी आहे: उद्या कोण जाण्याची शक्यता आहे याची यादी पाचच्या राउंडला, न वापरलेली औषधं रात्रीच परत, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा रेसिडेंटने रात्रीच तयार करायचा.

'दुपारी बाराच्या आत डिस्चार्ज' हे लक्ष्य मात्र जपून लावा. संध्याकाळी सहाला घरी जाऊ शकणारा रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवला जातो, कारण मग तो 'बाराच्या आत'मध्ये मोजला जातो. आकडा सुधारतो, खाट रात्रभर अडकते.

रात्रपाळी

आणि याचा दुसरा टोकाचा प्रकार: आयसीयूत खाट हवी म्हणून रात्री दोनला 'त्यातल्या त्यात बरा' रुग्ण वॉर्डात पाठवणं. रात्री आयसीयूतून बाहेर काढलेल्या रुग्णांत मृत्यूचं आणि परत आयसीयूत जाण्याचं प्रमाण जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कारण उघड आहे: वॉर्डात रात्री एक सिस्टर तीस रुग्णांना असते.

टाळता येत नसेल तर निदान एवढं करा. संध्याकाळी सातलाच आयसीयूच्या डॉक्टरने 'रात्री गरज पडली तर कोण जाऊ शकतो' हे नावानिशी लिहून ठेवावं. निघण्याआधी न्यूज-२ गुण (नाडी, बीपी, श्वास वगैरेंवरून रुग्ण किती बिघडतोय ते सांगणारे) काढा. ५ किंवा जास्त असेल तर हलवायचं नाही, ७ च्या वर तर प्रश्नच नाही. वॉर्डात पोचल्यावर पहिले चार तास दर तासाला नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुद्धी, आणि ते कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. श्वासाची गती एक पूर्ण मिनिट मोजा. सगळ्या तक्त्यांवर २० लिहिलेलं असतं, आणि बिघडणाऱ्या रुग्णात सगळ्यात आधी तीच बदलते.

हँडओव्हर फोनवर नाही, खाटेशेजारी. रुग्ण कोण, कशासाठी आला, काय झालं, आत्ता कसा आहे, पुढच्या बारा तासांत कशाची भीती आहे. शेवटचं वाक्य बहुतेक वेळा राहतं आणि तेच सगळ्यात कामाचं असतं. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं शेवटची कधी दिली ते घड्याळाच्या वेळेसकट सांगायचं. आयसीयूने रात्री नऊला दिलेलं हेपॅरिन वॉर्डाने दहाला पुन्हा द्यायचं, ही चूक खाट बदलताना हमखास होऊ शकते.

सोनचाफा

नातेवाइकांनी यात काय बघावं? वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला जमेल असं सांगा.

गतिमान_फिजिओ

मनगटपट्टीवरचं नाव बरोबर आहे का. प्रत्येक इंजेक्शनआधी नाव विचारतात का. विचारलं नाही तर तुम्ही सांगा, सिस्टरना त्याचा राग येत नाही. रात्री तुम्ही घरी जाताना बेल आणि पाणी रुग्णाच्या हाताशी आहे का, खाट खाली केली आहे का. रुग्णाला एकट्याने उठवू नका, आणि चप्पल घसरणारी नको. अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलतात का, टाचा गादीला टेकलेल्या आहेत का. टाचेखाली उशी नको, पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते.

हिशेबनीस

एक अजून. धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवायच्या असतात. खाट नाही असं सांगितलं तर राखीव खाटांची आजची स्थिती विचारा आणि तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तातडीचा रुग्ण असेल तर कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येत नाहीत.

कृष्णाकाठ

रात्रपाळी ताई, खाटबदलाच्या रजिस्टरला कोणते रकाने आखायचे ते लिहून द्याल का? सोमवारी नवीन रजिस्टर सुरू करणार आहोत.

रात्रपाळी

आडवी वही घ्या आणि रकाने असे: तारीख व वेळ, पूर्ण नाव, आयपीडी क्रमांक, कुठून, कुठे, कारण, कुणाच्या सांगण्यावरून, निघतानाची नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, पोचल्यावरची तीच चारही, नळ्या किती निघाल्या, किती पोचल्या, औषधांचा ट्रे सोबत (हो किंवा नाही), बाकी असलेले रिपोर्ट, लॅब, किचन, फार्मसी, नातेवाईक यांना कळवल्याची वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. कारणाच्या रकान्यात 'खाट हवी होती' असं असेल तर तसंच लिहा, रंगरंगोटी नको. महिन्याच्या शेवटी त्या ओळी मोजून मेट्रनकडे द्या, खाटा वाढवून मागायला तोच आधार लागतो. आणि वही स्टेशनवर दोरीने बांधा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ती ओपीडीत सापडते.